गोदावरीबाईचा बॉयलर

साल दोन हजार सतरा. आंबागडच्या किल्ल्याखालच्या बांध्यांमध्ये त्या वर्षी धान उशिरा पिकलं, पण पिकलं ते भरभरून. दिवाळी झाली, मळणी झाली, आणि गोदावरीबाई आपल्या लुचई वाणाच्या धानाची पोती ऑटोत टाकून तुमसरला ताराचंद सेठच्या गिरणीवर गेली. सोबत शेजारची रत्नाबाई होती. दोघींचं हे दरवर्षीचं काम. धान गिरणीवर द्यायचं. ते बॉयलरच्या वाफेवर उकडून, वाळवून, भरडून मिळायचं. मग उकड्या तांदळाची पोती घेऊन घरी यायचं. लुचईच्या उकड्याची पेज उन्हाळ्यातही दुसऱ्या दिवसापर्यंत आंबत नाही, आणि ज्यांनी ती लहानपणापासून खाल्ली त्यांना दुसरी गोड लागत नाही.

सेठ काट्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी पोत्यांकडे नुसती मान वळवली.

"बाई, तो धंदा बंद केला आता. एवढ्याशा धानासाठी बॉयलर नाही पेटवत आम्ही. तुमचं धान तिकडं ढिगावर टाका, अन् त्याच्या बदली माझा उकडा घेऊन जा. तयार आहे."

"तुमचा कोनता?" गोदावरीबाईने विचारलं.

"कोणता म्हणजे? तांदूळ."

"तांदूळ तं दिसते मले. कोन्या धानाचा?"

"ते आता तांदळालेच विचारा," सेठ म्हणाले, आणि काट्यावरची माणसं हसली.

"मी लुचई आनली, लुचईच नेतो."

"मग घरीच बॉयलर बांधा न, बाई. मिस्त्री तसेही बसूनच आहेत घरी."

या वेळी हसणं मोठं झालं. गोदावरीबाईचा नवरा खुशाल मिस्त्री लकव्याने घरी बसला आहे, त्याचा उजवा हात लुळा पडला आहे, हे तुमसरच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं. काट्यामागच्या टेबलावर पोत्यांची नोंद करणारा निकेश तिचा स्वतःचा मुलगा. त्यानेही खाली बघत ओठ दाबले. तेवढं तिला दिसलं.

"बांधतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'बांधतो' असंच म्हणतात.

ऑटोवाला अजून गेला नव्हता. पोती परत चढली. रत्नाबाईनेही आपली पोती चढवली, पण कुरकुरत.

"वो बाई, रागात बोलली का खरंच बोलली?"

"रागातच बोलली," गोदावरीबाई म्हणाली. "पन खरंच."

घरासमोरच्या टिनाच्या सपरीला गाव 'कारखाना' म्हणायचं. खुशालच्या बापाने तो घातला. तेव्हा ट्रॅक्टर नव्हते. घरोघरी बैलबंडी होती, आणि बंडीच्या लाकडी चाकावर चढवायची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, ती या कारखान्यात बसायची. पोळा जवळ आला की आसपासच्या गावांची चाकं अंगणात येऊन पडत. गोवऱ्यांच्या कड्यात धाव लाल करायची, तिघा-चौघांनी सांडशांनी उचलायची, अलगद चाकावर उतरवायची आणि वरून पाणी ओतायचं. तापून मोठी झालेली धाव थंड होताना आवळत जायची. लाकडाचे सांधे कटकट करत जुळायचे आणि जळक्या लाकडाचा वास गल्लीभर पसरायचा. त्या घरची रीत अशी होती की नवी सून आली की पहिल्या धावेवर पाणी तिच्या हातून पडायचं. गोदावरीबाईने लग्नानंतर या घरात केलेलं पहिलं काम तेच होतं. हातातल्या हिरव्या चुड्यासकट ती धुरात उभी राहिली होती.

बंड्या गेल्या. खुशालने वेल्डिंगची मशीन घेतली, फाटकं केली, खिडक्यांच्या जाळ्या केल्या, धान ठेवायच्या कोठ्या केल्या. मग लकवा आला आणि कारखान्याला कुलूप लागलं. निकेशने भंगारवाल्या तेजरामला शब्द देऊन ठेवला होता. ऐरण, भाता, मशीन, मागे पडलेल्या जुन्या धावा, सगळं त्याने न्यायचं आणि रिकामी जागा एका मोबाईल दुकानवाल्याला भाड्याने द्यायची.

संध्याकाळी निकेश घरी आला तो तणतणतच.

"माय, माझ्या नोकरीवर कायले उठली तू?"

"तुह्या नोकरीले म्या हात नाही लावला."

"सेठ दिवसभर हासून राहिले होते."

"तू बी हासून राहिला होता."

निकेशने चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. मग म्हणाला, "संक्रांतीपर्यंत काय करायचं ते कर. मंग तेजराम येते. मी शब्द देला त्याले."

"शब्द तू देला. ऐरन तुह्या आज्याची आहे. बॉयलर उभा झाला तं कारखाना राहीन."

"अन् नाही झाला तं?"

"मंग ने तुह्या हातानं काढून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुलूप उघडलं. मशीनवरची धूळ लुगड्याच्या पदराने पुसली, काळी काच डोळ्यांपुढे धरली आणि पत्र्याच्या एका तुकड्यावर ठिणगी पाडायला लागली. ठिणगी पडायची आणि रॉड चिकटून बसायचा. खुशाल ओट्यावर बसून मुकाट्याने बघत होता. कारखाना बंद झाल्यापासून तो फार बोलतच नव्हता. पण रॉड पुन्हा चिकटला तेव्हा त्याला राहवलं नाही.

"होल्डर हलका धर न. भाजीचा झारा होय का तो?"

"मंग तुमी दाखवा."

"हात असता तं दाखवला असता."

"तोंड आहे न. तोंडानं दाखवा."

खुशाल काठी टेकत सपरीत आला आणि उलट्या डब्यावर बसला. त्या दिवसापासून तो सांगायचा आणि ती करायची. सून तृप्ती कापलेला पत्रा धरायची. ती सानगडीची मुलगी, घरचं आवरून, लेकराला झोपवून दुपारी कारखान्यात यायची. वेल्डिंग सुरू झालं की गल्लीतले दिवे मिचकावायचे आणि रत्नाबाई तिच्या घरातून ओरडायची, "माझी सीरियल चालू आहे वो, जरा दम धर."

भरडायला गावात लहान चक्की होती, अडलं होतं ते उकडण्यावर. आराखडा खुशालच्या डोक्यात तयार होता. खाली चूल. चुलीवर पाण्याचा लोखंडी पिंप. पिंपातून निघालेली नळी वर धानाच्या कोठीत, म्हणजे वाफ धानातून फिरेल. आणि हे सगळं उभं धरायला लोखंडी सांगाडा. तृप्ती म्हणाली की पिंपासाठी तेलाचा जुना ड्रम आणू, आयता मिळतो. खुशालने नकार दिला.

"त्यात आधी काय होतं कोनाले ठाऊक? ठिनगी पडली तं उडते. आपल्याकडं कोठीचा जाड पत्रा उरला आहे, तोच गोल करू. अन् दुसरी गोष्ट, वाफ कोंडायची नाही. नळीले तोटी नाही, कोठीले बंद झाकन नाही. वाफेले कायम रस्ता दिसला पाहिजे."

पिंप झाला. तो सांगाड्यात धरायचा कसा, हा प्रश्न आला तेव्हा खुशालला मागे पडलेल्या धावा आठवल्या. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग चढला. एक धाव निवडली, कापून पिंपाच्या मापाची केली, किंचित लहानच ठेवली, जशी चाकासाठी ठेवतात. अंगणात गोवऱ्या पेटल्या. शेजारचे दोन जण सांडशा धरायला आले. लाल धाव पिंपाच्या कमरेवर उतरली आणि गोदावरीबाईने वरून पाणी ओतलं. धाव आवळली. पिंप असा पकडला गेला की दोघांनी ओढूनही जरा हलला नाही. जुनी माणसं बघायला आली होती, ती म्हणाली, "वा मिस्त्री, हात गेला पन काम नाही गेलं." धावेला अँगलचे पाय वेल्ड करून सांगाडा उभा झाला.

पेटवायच्या दिवशी अर्धं गाव अंगणात होतं. गोदावरीबाईने आपलं भिजवलेलं धान कोठीत टाकलं.

"तुझं बी टाक," ती रत्नाबाईला म्हणाली.

"पयले तुझं शिजू दे, माय. माझं काही पळून नाही चाललं."

खुशालने सगळ्यांना दूर उभं केलं. चुलीत धानाचा कोंडा पेटला, पाणी उकळलं आणि कोठीच्या तोंडातून वाफ निघाली. लोक वा वा करतात तोच टण्ण असा आवाज झाला. मग दुसरा. सांगाड्याचा एक पाय धावेपासून सुटला, सगळा सांगाडा एका अंगाला कलला, आणि उकळतं पाणी चुलीवर सांडून एवढी वाफ उसळली की लोक बोडीपर्यंत, म्हणजे गावतळ्यापर्यंत पळाले. कोणाला भाजलं नाही. पण धान अर्धं कच्चं, अर्धं चिखलात.

हसणारे हसले. गोष्ट संध्याकाळच्या आत तुमसरला पोचली, आणि निकेश घरी आला तो पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "सेठनं मले सगळ्यांपुढं विचारलं, मायचा बॉयलर उभा आहे का झोपला. आता संक्रांतीची वाट कायले पाहाची? तेजराम उद्या येते."

तेजराम सकाळी पिकअप घेऊन आला. गोदावरीबाई ऐरणीवर बसून लसूण सोलत होती.

"सरकता का, माय? ऐरन उचलाची आहे."

"उचल न. म्या कुठं नाही म्हटलं?"

"तुमी बसल्या आहा तिच्यावर."

"मी बी या घरातलं भंगारच आहो. एकाच खेपेत ने."

तेजरामने निकेशकडे पाहिलं. निकेश म्हणाला, "माय, तमाशा नको करू. ऊठ."

गोदावरीबाईने लसणाची दुसरी पाकळी घेतली. "संक्रांत म्हटलं होतं तू. अजून आली नाही."

तेवढ्यात काठीचा आवाज आला. खुशाल ओट्यावरून उतरला, सपरीत आला आणि वेल्डिंगच्या मशीनवर बसला. बसताना त्याचा तोल जरा गेला, पण त्याने कोणाचा हात घेतला नाही.

"हे न्याचं असंल," तो तेजरामला म्हणाला, "तं हे बी माझ्यासकट ने. वजन वाढीन तुझं."

"असं नका करू जी, बाबा," तेजराम म्हणाला. "मले गावोगाव फिराचं आहे. लोक काय म्हनतीन?" त्याने पिकअप फिरवली आणि निघून गेला. निकेशने गाडीला किक मारली. तोही गिरणीवर गेला.

मग नवरा-बायकोचं भांडण झालं.

"वेल्डिंग कच्ची होती तुझी," खुशाल म्हणाला.

"तुमच्या डोळ्यांनी पाहा. वेल्डिंग जागेवर आहे, बाजूचं लोखंड फाटलं."

"लोखंड असं फाटत नाही."

"फाटलं आहे न समोर."

तृप्ती वाकून धावेवरून बोट फिरवत होती. "बाबा," ती म्हणाली, "हे लयच घट्ट आहे. काडीसुद्धा जात नाही मधात."

"घट्टच पाहिजे. चाळीस वर्षं मी घट्टच बसवलं."

तृप्ती जरा थांबली. सासऱ्यापुढे सांगावं की नाही याचा विचार करत असावी. मग म्हणाली, "सातव्या महिन्यात माहेरी चुडा भरला तेव्हा कासारीन म्हने, घट्टच भरते, ढिल्या बांगड्या चांगल्या दिसत नाही. मंग माझे हात सुजले. रोज एक बांगडी तडकून वाढाची. हाताले काही नाही झालं, बांगडीच गेली."

गोदावरीबाईने धावेकडे पाहिलं, मग पिंपाकडे. पिंप तापल्यावर फुगतो. आता तिला ते डोळ्यांसमोर दिसलं. फुगलेला पिंप आणि त्याच्या कमरेला आवळलेली ही पट्टी, आणि पट्टीला खिळून ठेवलेले पाय.

खुशालने वाकून धाव आणि पिंपाच्या मधे नख घालून पाहिलं. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"चाक लाकडाचं असते," तो शेवटी म्हणाला. "लाकूड दबते, धावेले जागा देते. इथं हे बी लोखंड अन् ते बी लोखंड. हा फुगला तं जाईन कुठं?" त्याने काठीने धावेवर हळूच ठोकलं. "वेल्डिंग तुझी पक्कीच होती. काप ते."

गोदावरीबाईने धाव कापली. नवीन कडं मोठं केलं, मधे बोट फिरेल एवढं. पिंपाला बाहेरून चार कान लावले आणि ते कान कड्यावर नुसते टेकवले, कुठेही जोडले नाहीत. पिंप आता सांगाड्यात पाहुण्यासारखा बसला होता, वाटलं तर सरकेल, वाटलं तर फुगेल. या वेळी बघायला कोणी आलं नाही. गावाला वाटलं, म्हाताऱ्यांचा नाद आहे, चालू द्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी चूल पेटली. पाणी उकळलं, वाफ नळीतून कोठीत चढली, आणि गोदावरीबाई पाट टाकून बाजूला बसली. सांगाडा थोडा करकरला, पिंप कड्यावर केसभर सरकला आणि स्थिर झाला. पुढे काहीच झालं नाही. कोंडा जळत राहिला आणि धानाचा तो उकडीचा वास हळूहळू गल्लीत पसरला. या वासाने रत्नाबाई पोतं ओढत आली. तिच्यामागे आणखी दोघीतिघी आल्या.

त्या गर्दीतच ताराचंद सेठची गाडी येऊन थांबली; बॉयलर पुन्हा पेटल्याची बातमी तुमसरला पोचली होती. गाडीत निकेश होता. सेठ उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, हे घरात बांधायचं काम नाही. फुटलं तर अर्धं गाव जाईल. मी तक्रार केली तर उद्या सील होते."

"करा न तक्रार," गोदावरीबाई म्हणाली. "ज्याले पाहाचं आहे त्यानं यावं, पाहावं. फुटलं तं पयली मी जाईन, मीच जवळ बसली आहो."

"फुटायले वाफ कोंडावी लागते, सेठ," खुशाल डब्यावरून म्हणाला. "आमच्याकडं कोंडाले काहीच नाही. सगळं उघडं आहे."

सेठ कोठीजवळ गेले. वाफ मोकळी निघत होती. तो माणूस तापट होता, पण तांदळातला होता. त्यांनी खालच्या तोंडातून दोन दाणे काढले. धानाचं टरफल चिरलं होतं. त्यांनी एक दाणा सोलून दाताखाली धरला आणि बराच वेळ चावला.

"उकड बरोबर आली," ते म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "असं करा, हे उचलून माझ्या गिरणीत आणा. एका कोपऱ्यात बसवू. मिस्त्रींच्या नावाची पाटी लावतो. तुम्हालेही घरबसल्या बरं."

"दिवाळीनंतर तुमच्याकडं लुचईले जागा नव्हती."

"आता देतो म्हणतो न."

"आता आमच्याकडं आहे."

कोणीतरी बाई खुदकन हसली. सेठचा चेहरा लाल झाला. "एवढ्याशा धानावर किती दिवस चालवाल हे?"

"धान सरेपर्यंत," गोदावरीबाई म्हणाली. "मंग पुढल्या वर्षी पुन्हा पिकते."

सेठ गाडीकडे वळले. "चल रे निकेश."

निकेश हलला नाही. तो गाडीकडे बघत होता, मग कोठीखाली सुटणाऱ्या धानाकडे. ते टोपल्यांत भरून लगेच पसरायला हवं होतं, नाहीतर गरमीने गोळा झालं असतं. बायका म्हाताऱ्या, टोपल्या जड.

"तुमी व्हा पुढं, सेठ," तो म्हणाला. "एवढं धान वाळत घालून येतो मी."

"दिवसाचा पगार कापीन," सेठ म्हणाले.

"कापा."

त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पहिली टोपली उचलली. आईकडे बघितलं नाही, सॉरी-बिरी म्हणाला नाही. उलट तृप्तीवर खेकसला की चटया अजून काहून नाही अंथरल्या. दुपारी हात धुऊन त्याने तेजरामला फोन लावला आणि म्हणाला, "नको येऊ. नाही, पुढल्या महिन्यात बी नको. कारखाना चालू आहे." मोबाईलच्या दुकानवाल्यालाही तेच सांगितलं. गोदावरीबाई शेजारीच धान पालटत होती. तिने ऐकलं आणि पालटत राहिली.

त्यानंतरची हकिकत थोडक्यात अशी.

तक्रार कोणी केली नाही. ताराचंद सेठने दोन वर्षांनी गिरणी पुतण्याच्या हाती दिली आणि ते नागपूरला मुलीकडे राहायला गेले. गिरणीत आता ट्रकने आलेलंच धान घेतात. निकेश अजून तिथेच आहे, पुतण्याच्या हाताखाली. त्या सकाळचा विषय तो काढत नाही, पण धान उकडायच्या दिवसांत न विचारता सुटी टाकतो.

तेजराम अजून पिकअप फिरवतो. चांगला जाड पत्रा हाती लागला की तृप्तीला कळवतो, आणि त्यावरून दोघांची घासाघीस होते. रत्नाबाई मुलाकडे गोंदियाला गेली. तिथला भात तिला मानवत नाही, असं ती फोनवर सांगते, आणि तिच्या वाट्याचा उकडा दरवर्षी जातो.

खुशाल मिस्त्री दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात गेला, घरीच, दुपारच्या झोपेत. त्या सकाळी त्याने तृप्तीला एक फाटक पुन्हा कापायला लावलं होतं, कारण त्याला कोपरा पटला नव्हता. ते फाटक नंतर तिने एकटीने पुरं केलं.

तृप्ती कारखाना चालवते. तिने असे बॉयलर आणखी बांधले. एक सानगडीला, तिच्या माहेरच्या गल्लीत, तो बायकांनी मिळून घेतला आहे. लोक मापं घेऊन येतात आणि म्हणतात, घट्ट बसव. ती म्हणते, घट्ट पाहिजे असंल तं दुसऱ्याकडून करून घ्या.

गोदावरीबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ठिणगीकडे बघायला मनाई केली, तेव्हा तिने डॉक्टरांशीही वाद घातला आणि हरली. वेल्डिंग सुटलं. शेतात मात्र ती अजून लुचईच पेरायला लावते, निकेश दरवर्षी दुसरं बियाणं घेऊन आला तरी.